पिठाच्या गोळ्या

हिस्केची गोळी हा वीब्रेनच्या चेष्टेचा ठरलेला विषय होता. सकाळची कॉफी झाली की ती खिडकीतल्या बशीतून एक पांढरी गोळी उचलायची, पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची आणि बशी जागच्या जागी ठेवायची. वर्षानुवर्षं त्यात खंड नाही. धाकटा भाऊ समोर बसलेला असला की म्हणायचा, "झाली का प्रार्थना? तुझा पाद्री मात्र बरा आहे हं. उपदेश करत नाही, वर्गणी मागत नाही, पोटात जाऊन गप पडतो." ती हसायची. तिला राग यायचा नाही, आणि वीब्रेनचं म्हणणं नेमकं हेच होतं की राग येत नाही हाच त्या गोळीचा प्रताप.

नवरा सोडून गेला तेव्हा हिस्के अंथरुणाला खिळली होती. ताप नाही, दुखणं नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून. गोळीनं तिला उठवलं आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात पुन्हा कामाला उभं केलं. बदल्यात रडणं तेवढं नेलं. मोठ्यानं हसणंही थोडं नेलं. ती मधल्या पट्टीत जगायला शिकली, आणि भिंतीपेक्षा मधली पट्टी बरी, असं तिचं साधं गणित होतं. हे गणित ज्यानं भिंत पाहिली नाही त्याला पटवता येत नाही. वीब्रेननं तेव्हा पाहिली नव्हती.

मग वीब्रेनची बायको नीन्के गेली, आणि चेष्टा चेष्टेपुरती राहिली नाही.

वीब्रेन गावच्या स्केटिंग क्लबचा बर्फमास्तर होता. कालवे गोठले की पहाटे गिरमिट घेऊन जायचं, ठिकठिकाणी भोकं पाडायची, बर्फाची जाडी मोजायची, आणि मग क्लबच्या दारावर पाटी लावायची. पाटी लागल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. मेयरसाहेबांनीसुद्धा नाही. पुलांची गोष्ट वेगळी. पुलाखाली पाणी हलतं, वारा घुसतो, तिथला बर्फ कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून पुलाच्या अलीकडे काठावर जुने गालिचे अंथरतात. माणसं पायातल्या स्केट्ससकट त्यावरून खुडूखुडू चालत रस्ता ओलांडतात आणि पलीकडे पुन्हा बर्फावर उतरतात. गालिचा दिसला की वर चढायचं. गालिचा नसला, तर खालून बिनधास्त जायचं, बर्फमास्तरनं पाहिलेलं आहे. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

त्या हिवाळ्यात कित्येक वर्षांनी धड बर्फ धरला होता आणि गाव नुसतं खुळावलं होतं. वीब्रेन दिवसभर गालिचे ओढत होता. शेवटचा पूल त्याच्या स्वतःच्या घराजवळचा. तिथवर पोचेपर्यंत गालिचे संपले, हात बधिर झाले, उजेड उतरला. त्यानं काठीनं बर्फ ठोकून पाहिला. आवाज चांगला आला. आता या वेळी इकडे कोण मरायला येतंय, सकाळी टाकू, असं म्हणून तो घरात गेला आणि वाटाण्याचं सूप गॅसवर ठेवलं.

नीन्के मावशीकडून कालव्यावरून स्केटिंग करत परत येत होती. ही बाई जन्मभर घाईत. कोटाची एक बाही रस्त्यात घालणार, घास तोंडात असतानाच दार ओढणार. तिला गालिचा दिसला नाही, म्हणून ती थांबली नाही. का थांबेल? नवरा बर्फमास्तर. सूप तयार झालं, दाट झालं, बुडाला लागलं, आणि मग वीब्रेन कंदील घेऊन बाहेर आला.

चर्चमधला अंत्यविधी झाल्यावर हॉलमध्ये कॉफी आणि केक होता, असतोच. सगळं गाव डोळे पुसत होतं. हिस्केचे डोळे कोरडे. नीन्के तिला सख्ख्या बहिणीसारखी होती. आत कुठेतरी खूप खोल दुखत होतं, पण ते वर येईना. वीब्रेन तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला, "तुझ्या गोळीला सांग, आजचा एक दिवस सुट्टी घे म्हणावं. नीन्केसाठी."

हिस्केनं कप बशीत ठेवला. तेही तिला लागलं, पण दुलईवरून मारल्यासारखं लागलं.

पुढचं वर्ष-दीड वर्ष वीब्रेन दिसेनासा होत गेला. माणूस घरातच होता, पण दिसेनासा. आधी क्लब सोडला, मग नावेची कामं सोडली, मग दाढी, मग अंघोळ. गावच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. आठवडाभर घेतल्या, पोट बिघडलं, आणि त्यानं पाकीट सिंकखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "मला हिस्के व्हायचं नाहीये," असं त्यानं डॉक्टरबाईंना तोंडावर सांगितलं. त्यांनी ते हिस्केला सांगितलं नाही, त्यानंच सांगितलं. असा तो.

आणि मग एके दिवशी रेडिओवर त्यानं मशरूमबद्दल ऐकलं. शहरातल्या रुग्णालयात नैराश्यावर प्रयोग चालला होता: भास घडवणाऱ्या एका मशरूममधून काढलेलं औषध विरुद्ध नेहमीच्या गोळ्या, कशानं माणूस जास्त बरा होतो. वीब्रेन उठून बसला. कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात धग होती. "हे बघ, हे काहीतरी वेगळं आहे. हे माणसाला आत नेतं. तुझ्यासारखं झाकण नाही लावत." हिस्के म्हणाली, "जा बाबा. झाकण नको तर नको." तो उठून बसला हेच तिला पुष्कळ होतं.

प्रयोगाची माहिती द्यायला मार्लूस नावाची बाई होती. चाळिशीची, पायात लोकरी मोजे, बोलणं हळू आणि स्वच्छ. ती दोघांना समोर बसवून म्हणाली, "मशरूमचं औषध सगळ्यांनाच मिळणार आहे, आमच्या खोलीत, आमच्या देखरेखीखाली. पण काहींना पुरेसं, आणि काहींना नावापुरतं, काही होऊ नये इतकं थोडं. त्यानंतर घरी रोज एक कॅप्सूल घ्यायची, अर्धं वर्ष. ज्यांना मशरूम पुरेसं मिळालं, त्यांच्या कॅप्सूलमध्ये नुसती पूड, औषध नाही. ज्यांना नावापुरतं मिळालं, त्यांच्या कॅप्सूलमध्ये नेहमीचं खरं औषध. कुणाला काय, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. सगळं संपल्यावर कळेल."

हिस्केनं ते स्वयंपाकघराच्या हिशेबात बसवून बोलून दाखवलं. एका ताटात मीठ सुपात, दुसऱ्या ताटात बटाट्यात. उपाशी कुणीच नाही. "बरोबर," मार्लूस हसून म्हणाली, "आणि म्हणून कॅप्सूल सोडायची नाही. आतून कितीही खात्री वाटली तरी. सोडावीशी वाटली तर आधी मला फोन."

"आणि शेवटी तुम्हाला कळवायचं का, काय मिळालं होतं ते?" तिनं वीब्रेनला विचारलं.

"मला तेव्हाच कळेल," वीब्रेन म्हणाला. "कळवायचंच तर हिला कळवा. संशयी जात आहे. माझी परवानगी आहे, लिहून घ्या." आणि त्यानं हिस्केकडे बघून डोळा मारला. नीन्के गेल्यापासून पहिल्यांदा.

औषधाच्या दिवशी त्याला एका मऊ खोलीत झोपवलं. डोळ्यांवर पट्टी, कानांवर संगीत, दोन बाजूंना दोन माणसं. भीती वाटली तर एकाचा हात धरायचा, हे आधीच ठरवलेलं. हिस्के बाहेर बाकावर बसून विणत होती. आतून काही ऐकू येत नव्हतं. दुपार कलल्यावर एकदा भावाचा हुंदका ऐकू आला. मोठा, लहानपणी दारात बोट सापडल्यावर यायचा तसा. तिच्या सुया थांबल्या. मग तिनं टाके मोजायला घेतले, कारण दुसरं काय करणार.

परत येताना गाडी तिच्या हातात होती. कालव्यांवर धुकं होतं. तो समोर बघतच बोलायला लागला.

"ती आली होती. स्केट्स हातात, पायात नुसते मोजे, बर्फावरून चालत. ओली नव्हती. मी म्हटलं, नीन्के, गालिचा. तेवढंच म्हटलं. तर म्हणाली, अरे, मी घाईत होते."

"एवढंच?"

"आणखी काय पाहिजे तुला? मी घाईत होते, म्हणाली. म्हणजे तिनं स्वतःवर घेतलं. हसली पण. तोंडात घास होता." आणि वीब्रेन ढसाढसा रडायला लागला. हिस्केनं गाडी बाजूला घेतली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला त्याचा हेवा वाटला. आता हे कबूल करायला काय हरकत आहे. माणूस भावाचाही हेवा करतो.

त्यानंतर वीब्रेन सावरत गेला. लगेच दुसऱ्या दिवशी नाही. आधी काही आठवड्यांनी झोप परतली. मग भूक. मग एका सकाळी त्यानं फोन करून सांगितलं की कालव्याकाठची गवताची फुलं पिवळी आहेत. "पिवळीच असतात," हिस्के म्हणाली. "हो, पण आज दिसली," तो म्हणाला.

फोन ठेवून हिस्के जरा वेळ तशीच उभी राहिली. झोप, मग भूक, मग रंग. तिचंही अस्संच झालं होतं. याच पायऱ्या, याच क्रमानं, तेव्हा. मनात आलं ते तिनं मनातच ठेवलं. आनंदात असलेल्या माणसाला टोचायला कशाला जायचं?

उन्हाळाभर त्यानं नावा रंगवल्या. ऑगस्टात हिस्केच्या वाढदिवसाला आला, सगळ्यांसारखा गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसला, डब्यातून रीतीप्रमाणे एक बिस्कीट घेतलं आणि डबा बंद व्हायच्या आत दुसरं चोरलं. लोक कुजबुजले, वीब्रेन माणसात आला. तो ज्याला त्याला मशरूमचं सांगत होता. क्लबच्या सेक्रेटरीनं तर येत्या हिवाळ्यात गिरमिट परत हातात घेशील का म्हणून विचारलं. बघू, म्हणाला. नाही म्हणाला नाही.

पाहुणे गेल्यावर बहीण-भाऊ बश्या विसळत होते. वीब्रेननं खिशातून कॅप्सूलची डबी काढून ओट्यावर ठेवली.

"ही पिठाची गोळी मी रोज गिळतो. का सांगशील?"

"मार्लूसनं सांगितलंय म्हणून."

"अगं, मला पुरेसं मशरूम मिळालं. नीन्के येऊन बोलून गेली, आणखी काय पुरावा पाहिजे? म्हणजे यात पीठ. मीठ सुपात असेल तर बटाट्यात नाही, तुझंच गणित." त्यानं एक कॅप्सूल उघडून पूड बोटावर घेतली, चाटली. "चव पण नाही. हिला गिळलं की वाटतं मी तुझी नक्कल करतोय. खिडकीत बशी ठेवायचीच काय ती बाकी."

हिस्के हसली. वाढदिवस होता, वाइनचा अर्धा ग्लास झाला होता, भाऊ कितीतरी दिवसांनी भांडी विसळत होता. "मग नको गिळूस पीठ," ती म्हणाली. "बदकांना घाल."

बदकांना नाही घातलं, पण दुसऱ्या दिवशी पुलावरून सगळी डबी कालव्यात ओतली. मार्लूसचा महिन्याचा फोन आला तेव्हा त्यानं सांगितलं की कॅप्सूल चालू आहेत. हिस्केलाही तिनं विचारलं, सगळं ठीक? ठीक, हिस्के म्हणाली. तिला ते खोटं वाटलंसुद्धा नाही. पिठाबद्दल कसलं आलंय खोटं.

आठवड्यात वीब्रेनला डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. मान वळवली की चमक. चक्कर, विचित्र स्वप्नं, आणि सारखं रडू. तो घाबरला नाही, उलट खूश. "काम चालूच आहे आत," म्हणाला. "मशरूम असं महिनोन्‌महिने झिरपतं. आणि हे बघ, मला रडू येतं. बातम्या बघतानाही येतं. जिवंत माणसाला रडू येतं, हिस्के." तिनं होकार दिला. तिची स्वतःची गोळी कधी चुकली नव्हती, त्यामुळे चुकल्यावर काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं.

चमका थांबल्या. आणि मग पानं गळायच्या सुमाराला झोप गेली. मग भूक. हिस्केनं पायऱ्या पुन्हा मोजल्या. क्रम तोच, पण या वेळी भाऊ उतरत होता.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. कालव्यांवर पापुद्रा धरला. क्लबचा सेक्रेटरी वीब्रेनचं दार वाजवून वाजवून परत गेला. हिस्के स्वतःच्या किल्लीनं आत शिरली तेव्हा तो कोट घालून कोचावर आडवा होता, भिंतीकडे तोंड करून. ती भिंत तिनं ओळखली.

"उठ. सूप आणलंय."

"नको." तो भिंतीशीच बोलला. "तिनं शब्द मागे घेतला."

"कुणी?"

"नीन्केनं. मी रोज असा पडून ऐकतो. ती आता म्हणत नाही, मी घाईत होते. काहीच म्हणत नाही. तिनं विचार बदलला असणार. नीट विचार केला तर कुणीही बदलेल, नाही का? काठी ठोकून घरात गेलो मी, हिस्के. सूप करायला." मग अगदी साध्या आवाजात, "मांजर तू घेऊन जा. तुझ्याकडे रुळेल."

हिस्केनं सुपाचं पातेलं खाली ठेवलं. मांजर देऊन टाकणाऱ्या माणसाचा बेत काय असतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या तासाभरात आल्या, समोर बसल्या, सरळ विचारलं, जीव द्यायचं मनात आहे का. वीब्रेननं नाही म्हटलं नाही. त्या रुग्णालयाचं बोलल्या, गोळ्यांचं बोलल्या. "सगळ्यात जालीम औषध घेऊन झालंय, बाई," तो म्हणाला. "मशरूम. त्याच्यानं झालं नाही, तिथं तुमची गोळी काय दिवे लावणार?" त्या दिवसापासून हिस्के त्याच्याच घरी राहायला गेली. मांजर तिनं नेलं नाही. मुद्दामच नाही नेलं.

आणि त्याच आठवड्यात मार्लूसचा फोन आला. हिस्के वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

"आमचा प्रयोग संपला," मार्लूस म्हणाली. "कुणाला काय होतं ते उघडलंय. तुमच्या भावानं तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. बसला आहात ना? त्यांना मशरूम नावापुरतं होतं. काहीच जाणवू नये इतकं. कॅप्सूलमध्ये खरं औषध होतं."

"कुठलं?"

तिनं नाव सांगितलं. हिस्केच्या खिडकीतल्या बशीत तेच होतं.

"म्हणूनच मी कोड्यात पडलेय," मार्लूस पुढे म्हणाली, "त्यांचं इतकं छान चाललं होतं. औषध लागू पडत होतं. मग डॉक्टरबाई म्हणतात तसे एकदम..."

"त्यानं सोडलं," हिस्के म्हणाली. "ऑगस्टात. कालव्यात ओतलं. त्याला वाटलं पीठ आहे. सोडलंय हे मलाही ठाऊक होतं. मीच म्हटलं, बदकांना घाल."

मग मार्लूस म्हणाली, "मी विचारायला हवं होतं. नीट, खोदून." आणि मग, "मी येते. मी सांगते त्यांना."

"नको. त्यानं मला नेमलंय."

सोललेले बटाटे पाण्यात टाकून ती निघाली. गाडी चालवताना ती सगळं उलटंपालटं करून बघत होती. सांगितलं, तर त्याला कळेल की औषध हरलंच नव्हतं, नुसतं सुटलं होतं. परत सुरू केलं तर परत उठेल. पण मग नीन्के? ती कुणी आणली? सांगितलं की नीन्के पण गेली, दुसऱ्यांदा. आणि नाही सांगितलं, तर वीब्रेन गेला. वाटेत त्याच पुलावरून जावं लागलं. पुलाखालचं पाणी काळं होतं, बाकी सगळीकडे बर्फ. हिस्केला वाटलं, आता रडू यावं. नाही आलं.

तो कोचावर बसलेला होता. ती समोर स्टुलावर बसली, त्याचे दोन्ही हात धरले, आणि एका दमात सांगून टाकलं. मशरूम नव्हतं. पीठ नव्हतं. गोळी होती, माझीच.

त्याला समजायला वेळ लागला. मग म्हणाला, "नावापुरतं म्हणजे किती?"

"काही होऊ नये इतकं."

"मग ती कशी आली?"

"मला नाही माहीत, वीब्रेन. तू डोळे मिटून दिवसभर पडला होतास. तिचा विचार करत होतास. तुझ्या दोन्ही बाजूंना चांगली माणसं होती. आली."

"आली नाही. मी आणली." त्यानं हात सोडवून घेतले. "मीच मला म्हटलं, मी घाईत होते. तिच्या तोंडात घास मीच कोंबला. शब्द मीच घातले."

"असं कशाला म्हणतोस? तुझ्याच आतून आलं, म्हणजे तूच स्वतःला माफ केलंस. ते कमी आहे का?"

वीब्रेननं तिच्याकडे पाहिलं. इतकं सरळ त्यानं कित्येक दिवसांत कुणाकडे बघितलं नव्हतं. "मला माफ करायचा मला काय हक्क आहे, हिस्के? बुडालो होतो का मी?"

मांजर येऊन दोघांच्या मध्ये बसलं. बाहेर कुणीतरी पोरं बर्फावर ओरडत होती, कुठल्या तरी दुसऱ्याच कालव्यावर.

"एक गोष्ट तरी खरी आहे," ती शेवटी म्हणाली. "तिनं शब्द मागे घेतला नाही. गोळी सुटली म्हणून असं झालंय. नीन्केनं काही केलेलं नाही."

"नाही," तो म्हणाला. "तिनं काहीच केलेलं नाही. आधीही नाही." आणि थोड्या वेळानं, खूप दमलेल्या माणसासारखा, "तुझी ती बशी आण."

"तुझी वेगळी आणू. डॉक्टरबाई लिहून देतील."

"देऊ दे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी लिहून दिली. हिस्के वसंतापर्यंत त्याच्याकडे राहिली. सकाळी कॉफी झाली की दोघं आपापली गोळी गिळायची. कुणी पाद्र्याचा विनोद केला नाही. झोप आली, भूक आली. रंगांचं त्यानं काही सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही, पण एका सकाळी तो नावेचा पत्रा घासायला निघून गेला. मार्लूस भेटायला येत राहिली. रडायला न येण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, मात्रा बदलता येते, असं ती म्हणाली. बघू, वीब्रेन म्हणाला. गाव पुन्हा म्हणालं, माणसात आला. मशरूमचं त्यानं पुन्हा कुणाला काही सांगितलं नाही. नीन्केचंही नाही.

पुढच्या हिवाळ्यात बर्फ धरलाच नाही. नीन्के गेली त्या तारखेला बारीक पाऊस होता, वारा पश्चिमेचा. हिस्के आणि वीब्रेन पुलावर जाऊन उभे राहिले. त्यानं दोन जुने गालिचे गुंडाळून खांद्यावरून आणले होते. त्यानं एक काठावर अंथरला, कडा नीट दाबल्या, रस्त्यापलीकडे दुसरा टाकला. खाली पाणी वाहत होतं. पावसानं गालिचे भिजून जड होत गेले.

मग तो येऊन तिच्याशेजारी कठड्याला टेकला.

"रडू येत नाही गं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आत आहे. वर येत नाही."

"हो."

त्यानं टोपी काढली, पिळली, परत घातली. "त्या दिवशी हॉलमध्ये मी तुला बोललो होतो. सगळ्यांसमोर."

"बोलला होतास."

"तुला तेव्हाही असंच होत होतं?"

हिस्केनं होकारार्थी मान हलवली. वीब्रेननं तिचा हात घेतला आणि आपल्या कोटाच्या खिशात आपल्या हातासकट घातला, लहानपणी तीच घालायची तसा. दोघांचे चेहरे पावसानं ओले होते. लांबून येणाऱ्या कुणाला वाटलं असतं, बहीण-भाऊ रडतायत.